ज्युनियरच्या टेबलावरचा एआय

धंदा बंद पडतो म्हणजे काय होतं, हे डिचोली, सत्तरी, सांगे, केपेतल्या माणसांना समजावून सांगायला नको. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, मार्चच्या मध्याला उत्खनन थांबलं आणि दारोदार उभे राहिलेले ट्रक सगळ्या गोव्याने पाहिले. त्याला तारीख होती, मोर्चे होते, कर्जाचे थकलेले हप्ते होते. एआयमुळे गोव्यात जे चाललंय त्यात असं डोळ्यांना दिसणारं काही नाही. म्हापशातल्या किंवा फोंड्यातल्या कर सल्लागाराच्या ऑफिसातून कुणाला काढत नाहीत. एखादी मुलगी लग्न होऊन सावंतवाडीला जाते, तिच्या जागी कुणी येत नाही, एवढंच. बी.कॉम. झालेल्या पोरांना पहिली नोकरी मिळायची ती नेमकी हीच जागा.

अमेरिकेतले दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचले की हे का होतं ते कळतं. २०२३ मध्ये आलेल्या एका अभ्यासात ग्राहकसेवेतल्या पाच हजारांवर कर्मचाऱ्यांची नोंद होती. एआयची मदत मिळाल्यावर तासाला निकालात निघणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या, नवख्यांच्या बाबतीत ३४ टक्क्यांनी. मुरलेल्यांना फारसा फरक पडला नाही. वाचून वाटतं, नवख्यांची चंगळ झाली. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पगारपत्रकांच्या आकडेवारीवरून दाखवलं की, एआयचा सर्वाधिक संबंध येणाऱ्या व्यवसायांत २२ ते २५ वयोगटाचा रोजगार इतरांच्या तुलनेत १३ टक्क्यांनी घसरला. तिथल्याच मोठ्या वयाच्या लोकांचा टिकून राहिला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पहिल्याच अभ्यासात दोन महिन्यांचा नवखा एआयच्या मदतीने सहा महिने झालेल्याच्या तोडीचं काम करत होता. असं झालं की मालक तिघांऐवजी दोघांना घेतो, आणि त्यात त्याचं काही चुकतंय असंही म्हणता येत नाही.

नाणेनिधीने जानेवारी २०२४ मध्ये जगातल्या जवळपास ४० टक्के नोकऱ्यांवर एआयचा परिणाम होईल असं म्हटलं होतं. असला आकडा व्हॉट्सॲपवर पोचेपर्यंत ‘४० टक्के नोकऱ्या जाणार’ होतो. नोकरी ही दहा-वीस कामांची मोट असते. त्यातली कुठली सुटतात आणि कुठली राहतात, ते टेबलाजवळ जाऊन पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून एक टेबल जवळून बघू.

कर सल्लागाराकडे महिन्याला बिलांचे फोटो येतात. हॉटेलवाला, हार्डवेअरवाला, काजू कारखानदार, होमस्टेवाली बाई, सगळ्यांचे व्हॉट्सॲपवर, त्यातले निम्मे वाकडे. ज्युनियरने प्रत्येक बिल बघून टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) खरेदीच्या नोंदीसाठी एफ-९ दाबायचं, पुरवठादाराचं लेजर म्हणजे खातं निवडायचं, बिल नंबर, तारीख, करपात्र रक्कम, सीजीएसटी, एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा वाटा) किंवा आयजीएसटी (परराज्यातल्या खरेदीवरचा) भरायचं. एका बिलाला अडीच मिनिटं धरली तर ६०० बिलांना २५ तास. आता फोटो एआयकडे जातात, तो एक्सेलचे रकाने भरून देतो आणि टॅलीप्राइममध्ये ती शीट थेट आयात होते.

मग २५ तासांचे दोन तास होतात का? विकणारा तसंच सांगतो. हिशेब मांडून बघा: फोटो सरळ करणं, दुबार आलेले काढणं, ग्राहकवार लावणं यात दोन तास. प्रत्येक ओळ बिलाशी ताडायला अर्धं मिनिट धरलं तर पाच तास. दहातलं एक बिल अडकतं असं धरलं तर ६० बिलं, दर बिलामागे पाच मिनिटं, म्हणजे आणखी पाच तास. एकूण बारा. निम्मं काम वाचलं, आणि हे काही थोडं नाही. पण राहिलेले बारा तास टायपिंगचे नाहीत, तपासणीचे आहेत. हा हिशेब घड्याळ लावूनच करावा, अंदाजाने नको. जुलै २०२५ मध्ये आलेल्या एका प्रयोगात अनुभवी प्रोग्रामरना एआय वापरून १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि काम संपल्यावरही त्यांना वाटत होतं की आपण २० टक्के वेळ वाचवला.

तपासणीत काय सापडतं ते आता. थर्मल कागदावरचं बिल लवकर पुसट होतं, त्यामुळे शून्य आणि ओ, पाच आणि एस, आठ आणि बी यांची अदलाबदल ठरलेली. जीएसटीआयएनच्या (जीएसटी नोंदणी क्रमांकाच्या) बाबतीत ही चूक न बघताही पकडता येते, कारण त्याची रचना पक्की आहे. पंधरा अक्षरं; पहिले दोन अंक राज्याचे, गोव्याचे ३०, महाराष्ट्राचे २७, कर्नाटकाचे २९. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. त्यामुळे तिसऱ्यापासून सातव्या जागेपर्यंत अक्षरंच हवीत, आठव्यापासून अकराव्यापर्यंत अंकच, बाराव्या जागेवर पुन्हा अक्षर. चौदाव्या जागेवर सहसा झेड, आणि शेवटचं अक्षर आधीच्या चौदांवरून निघणारं पडताळणीचं. एक्सेलमध्ये एकदा सूत्र बसवलं की चुकीची ओळ आपोआप लाल होते. हे काम एआयला सांगू नका. तो ‘तपासलं, बरोबर आहे’ असं न तपासताही लिहून मोकळा होतो.

रकमेचंही तसंच. समजा हार्डवेअरच्या बिलात करपात्र रक्कम ८,४५० आहे, १८ टक्क्यांनी कर १,५२१, एकूण ९,९७१. आठाचा तीन वाचला गेला तर शीटमध्ये ३,४५० येतात. कर आणि बेरीज बिलावरून जशीच्या तशी उचलली असेल तर ताळा बसत नाही आणि चूक सापडते. खरी पंचाईत होते ती एआय शहाणपणा करतो तेव्हा: रक्कम ३,४५० वाचली, मग कर ६२१ आणि एकूण ४,०७१ असा स्वतःच जुळवून दिला. शीट एकदम स्वच्छ, बिल भलतंच. म्हणून सूचना देताना तीन गोष्टी ठाम लिहाव्या लागतात. जे छापलंय तेवढंच उचल. वाचता आलं नाही तर रकाना रिकामा ठेव. बेरीज-गुणाकार करू नकोस. गणित एक्सेल करेल, आणि एक रुपयापेक्षा जास्त फरक आला तर माणूस बिल उघडेल.

तारखेचा घोळ वेगळा. ०४/०७/२०२५ म्हणजे आपल्याकडे ४ जुलै. अमेरिकन सवयीने वाचलं तर ७ एप्रिल. बिल तीन महिने मागे जाऊन बसतं आणि १४ तारखेला आलेल्या जीएसटीआर-२बीशी (पुरवठादारांनी भरलेल्या माहितीवरून पोर्टलवर तयार होणाऱ्या खरेदीच्या यादीशी) जुळवताना सापडतच नाही. २० तारखेपर्यंत ३बी, म्हणजे महिन्याचं जीएसटी विवरणपत्र, भरायचं असतं, मधे सहा दिवस. जुळवणीतही एआय वापरतात आणि तिथेही तो बिल नंबर ‘साधारण सारखा’ दिसला की जोडी लावतो. एकाच पुरवठादाराची ४१२ आणि ४२१ नंबरची दोन बिलं असली की झाला गोंधळ. आधी जीएसटीआयएन तंतोतंत, मग रकमेतला फरक रुपयाच्या आत, मग तारीख, आणि नंबर सर्वांत शेवटी, या क्रमाने जुळवलं तर बरंचसं निभावतं.

इथपर्यंतचं कुठल्याही गावात लागू आहे. गोव्याचं म्हणून जे आहे ते बार-रेस्टॉरंटच्या बिलात दिसतं. पिण्याची दारू जीएसटीच्या बाहेर आहे, तिला राज्याचा व्हॅट. जेवण १,२०० आणि बिअर ६०० असेल तर पाच टक्के जीएसटी फक्त जेवणावर, म्हणजे ६० रुपये. एआय १,८०० वर ९० लावून मोकळा. शिवाय पाच टक्क्यांवाल्या रेस्टॉरंटला खरेदीवरच्या कराचं क्रेडिट (म्हणजे तो कर आपल्या देण्याच्या करातून वजा करणं) मिळतच नाही, तो कर खर्चात जातो. खरेदी बिलावर जीएसटी छापलेला दिसला की एआय क्रेडिटच्या रकान्यात टाकतो, कारण बिलाकडे बघून ग्राहक कोण आहे हे त्याला कळत नाही. कंपोझिशनवाल्या (उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या छोट्या) दुकानदाराच्या बिलावर कर नसतोच. तिथे तो एकूण रकमेतून कर ‘काढून’ दाखवतो. काणकोणच्या व्यापाऱ्याने मुंबईत हॉटेलात मुक्काम केला, बिलावर महाराष्ट्राचा सीजीएसटी-एसजीएसटी लागला, तर त्याचं क्रेडिट गोव्यात घेता येत नाही, कारण खोलीच्या सेवेचं ठिकाण खोली जिथे आहे तेच धरतात. असलं क्रेडिट चुकून घेऊन वापरलं तर १८ टक्के वार्षिक व्याज, आणि नोटीस येते ती ज्याच्या नावावर नोंदणी आहे त्याला.

शिळं ज्ञान हा आणखी एक सापळा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, क्रेडिटशिवाय. ४,००० च्या खोलीवर आधी ४८० लागायचे, आता २००. ज्या मॉडेलचं शिक्षण त्याआधी संपलं त्याला विचारलं, आणि त्याने इंटरनेटवर शोधलं नाही, तर तो आत्मविश्वासाने बारा टक्के सांगतो, वर कलमही लिहून देतो. दरांची यादी आपण करून त्याच्यासमोर ठेवायची आणि ‘यातूनच घे’ म्हणायचं. दर त्याच्या पोटातून काढायचा नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. वर सांगितलेली एकही चूक पकडायला ती कुठे होते हे माहीत असावं लागतं, आणि ते माहीत होतं टायपिंग करताकरताच. हजारभर बिलं हाताखालून गेली की बिअरच्या बिलावर जीएसटी दिसल्यावर हात आपोआप थांबतो. तेच हजार बिलांचं काम आपण एआयला दिलं. आज तपासणारे आहेत ते जुन्या पद्धतीने तयार झालेले. पाच-सात वर्षांनी तपासणारा कुठून आणायचा, याचं उत्तर बहुतेक मालकांकडे नाही. ‘आत्ता तर चालतंय ना’ हे उत्तर नव्हे.

होमस्टे आणि छोट्या हॉटेलांत हेच चित्र जरा वेगळ्या कपड्यांत दिसतं. रात्री अकराला आलेल्या ‘खोली आहे का’ला उत्तर देणारा माणूस परवडत नव्हता, तिथे चॅटबॉट बसला, आणि त्याने कुणाची नोकरी घेतली असं म्हणता येणार नाही. पण तो कुठे घसरतो बघा. पाहुणा विचारतो, ‘गोवा एअरपोर्टवरून किती वेळ?’ दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. मोपावरून विमानं उडू लागली जानेवारी २०२३ मध्ये, त्यामुळे जुन्या माहितीत ‘गोवा विमानतळ’ म्हणजे दाबोळीच. हरमलला उतरणाऱ्याला दाबोळीचं अंतर सांगितलं किंवा पाळोळ्याला जाणाऱ्याला मोपाचा विचारच केला नाही, की टॅक्सीच्या भाड्यावरून तंटा ठरलेला. जुलैत कुणी शॅकबद्दल (किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या खानावळींबद्दल) विचारलं तर तो ‘समुद्रकाठी जेवणाचा आनंद घ्या’ लिहितो. पावसात शॅक नसतात हे त्याला कोण सांगणार?

आणि बॉटने दिलेला शब्द मालकाला बांधू शकतो. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने सवलतीबद्दल चुकीचं सांगितलं होतं, म्हणून कॅनडातल्या एका न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीला प्रवाशाला भरपाई द्यायला लावली. बॉटच्या बोलण्याची जबाबदारी आमची नाही, हा कंपनीचा युक्तिवाद त्याने फेटाळला. म्हणून भाडं, रद्द करण्याचे नियम, परतावा आणि खोलीतून समुद्र दिसतो की नाही, या चार गोष्टींवर बॉटला स्वतःचं वाक्य रचू देऊ नये. ठरलेला मजकूर चिकटवायचा, त्यापलीकडचं ‘सकाळी फोन करतो’. संवादाची नोंद जपून ठेवायची. भांडण झालं की तीच कामाला येते.

पासपोर्टचं मात्र जमण्यासारखं आहे. परदेशी पाहुण्याची माहिती चोवीस तासांत ऑनलाइन द्यावी लागते, आणि पासपोर्टच्या तळाशी ४४-४४ अक्षरांच्या ज्या दोन ओळी असतात त्यात पासपोर्ट नंबर, जन्मतारीख आणि मुदत या प्रत्येकापुढे पडताळणीचा अंक असतो. त्या ओळी वाचल्या तर या तिन्हींतली चूक सहसा लगेच उघडी पडते. वरची छापील माहिती वाचून भरणाऱ्या ॲपपेक्षा हे कितीतरी भरवशाचं. तारीख तिथे वर्ष-महिना-दिवस अशी असते, एवढं लक्षात ठेवायचं.

डीटीपीवाल्यांबद्दल थोडक्यात. लग्नपत्रिका, मंडळाची स्मरणिका, पंचायतीच्या नोटिशीचा अनुवाद यातलं अनुवादाचं काम बरंच गेलं, मांडणीचं राहिलं. जुन्या फायली श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहेत. त्या एआयला दिल्या तर त्याला इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते आणि तो त्यातून काहीतरी अर्थ लावून देतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग जोडाक्षरं आणि रफार तपासणं, मग पुढचं.

लोकांच्या मनात काय आहे? सरकारी नोकरीची ओढ गोव्यात आधीच होती, आता पालकांना आणखी एक कारण मिळालं. ऑफिसांत त्याहून विचित्र गोष्ट घडते: मालक म्हणतो ‘आमच्याकडे एआय नाही’, आणि ज्युनियर स्वतःच्या मोबाइलवर फुकटच्या ॲपमध्ये ग्राहकाचं बँक स्टेटमेंट टाकून रकाने भरून घेतो. लपवतो, कारण कळलं तर ‘मग तुझी गरज काय’ असं ऐकावं लागेल ही भीती. भीती खोटी नाही. पण परिणाम असा की ग्राहकाचा पॅन, खाते क्रमांक, पाहुण्याचा पासपोर्ट कुठे जातो हे कुणालाच ठाऊक नसतं. डिजिटल वैयक्तिक माहितीचा २०२३ चा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतोय आणि जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्यावर आहे, म्हणजे मालकावर. पैसे भरून घेतलेलं एकच खातं, त्यात आपला मजकूर मॉडेलच्या शिक्षणाला वापरू नये ही सेटिंग चालू, आणि ‘वापरलं तर शीटवर लिहायचं, रागावणार नाही’ असा नियम. बंदी घालून काही होत नाही.

शिकण्याचा प्रश्न सुटतो का? काही अंशी, आणि फार खर्च न करता. नव्या माणसाला पहिली दोनशे बिलं हातानेच टाकू द्यावीत, एआय बंद. वेळ जातो, जाऊ द्या. त्यानंतर तीच बिलं एआयकडून करून घेऊन दोन्ही शीट शेजारी लावायच्या आणि फरक का पडला हे त्याने स्वतः लिहायचं. तिसऱ्या महिन्यापासून आठवड्यात एकदा अनुभवी माणसाने तपासणीच्या शीटमध्ये दहा चुका मुद्दाम पेरायच्या: एक उलटी तारीख, एक बिअर, एक कंपोझिशन, एक मुंबईचं हॉटेल, दोन जीएसटीआयएन, बाकी रकमा. दहातल्या आठ सापडेपर्यंत त्याच्या तपासणीवर विवरणपत्र भरायचं नाही. पेरलेल्या चुकांची यादी वेगळ्या फायलीत ठेवा आणि संध्याकाळी त्या काढल्याशिवाय टॅलीत आयात करू नका, नाहीतर पेरलेलंच उगवेल.

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांना यातलं काही कुणी शिकवण्याची वाट बघायची गरज नाही. ओळखीच्या दुकानातून वीस जुनी बिलं मागून आणा, त्यात एक तरी बारचं, एक कोल्हापूरचं किंवा बेळगावचं आणि एक पुसट असू द्या. आधी स्वतः एक्सेलमध्ये भरा, मग एआयकडून. शेवटच्या रकान्यात प्रत्येक फरकाचं कारण एका ओळीत. मुलाखतीला जाताना ‘एआय येतो’ असं बायोडेटात लिहिण्यापेक्षा ही शीट छापून न्या. समोरचा पाच मिनिटांत ओळखतो. नेण्याआधी दुकानदाराचं नाव आणि त्याचा जीएसटीआयएन मात्र खोडा.